जहाजावर कुटुंब नेणं आणि कुटुंबाने शिडाची बोट नेणं

सांगलीत विश्रामबागेत कुणी भेटलं आणि शिडाच्या बोटीवर संसार करणाऱ्या माझ्या लेकीचा विषय निघाला की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. "म्हणजे काकू, मर्चंट नेव्हीसारखंच की! तुम्हीपण होताच साहेबांबरोबर जहाजावर." आमच्या ओळखीच्या पुष्कळ घरांतलं कुणी ना कुणी व्यापारी जहाजावर असतं, म्हणून ही समजूत पक्की बसली आहे. मी दोन्हीकडे राहिले आहे. नवरा चीफ इंजिनिअर असताना त्यांच्या मालवाहू जहाजावर, आणि आता लेक, जावई आणि दोन नातवंडांबरोबर त्यांच्या चाळीस फुटी शिडाच्या बोटीवर, कॅनरी बेटांपासून कॅरिबियनपर्यंत अटलांटिक ओलांडून. हे दोन वेगळे संसार आहेत.

जहाजाचं तुम्हाला सांगायला नको. कंपनी, कॉन्ट्रॅक्ट, साइन-ऑन म्हणजे जहाजावर रुजू होणं, साइन-ऑफ म्हणजे उतरणं, चार तास वॉच म्हणजे पहाऱ्याची पाळी आणि आठ तास मोकळे, कुकच्या हातचं जेवण. अधिकाऱ्यांना बायकामुलं नेता येतात, आणि आमची नावं 'सुपरन्यूमररी' म्हणून लागतात. अर्थ सरळ आहे: कामाच्या माणसांपेक्षा जादा.

बारीकसारीक गोष्टी दोन ओळींत उरकते. जहाज दोनशे मीटरचं, बोट बारा मीटरची. इंटरनेट आता दोन्हीकडे उपग्रहावरून मिळतं. उलट्या पहिले दोन-तीन दिवस दोन्हीकडे होतात. चाच्यांबद्दल सगळेच विचारतात, पण आमच्या वाटेवर तो प्रश्न नव्हता. वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर, म्हणून बोटी तो सरता सरता निघतात आणि पाठीवर व्यापारी वारे घेऊन जातात.

इंजिनाचं मात्र नीट ऐका. "वारा पडला की इंजिन लावायचं" असं जहाजावरची माणसंसुद्धा म्हणतात, तेव्हा मला राहवत नाही. अशा बोटीत तीनशे लिटर डिझेल धरा, तासाला तीन लिटर जळतं. म्हणजे शंभर तास, आणि पाच नॉटने, म्हणजे तासाला पाच सागरी मैल वेगाने, पाचशे सागरी मैल. वाट आहे सुमारे २,७०० मैलांची. इंजिन बंदरात शिरायला आणि बॅटरी भरायला. बाकी सगळी वाट शिडाचीच, म्हणून पोचायची तारीख कुणी विचारू नये. साधारण तीन आठवडे, एवढंच सांगता येतं.

आता खरी गल्लत. "रात्री कुठे थांबता?" हा प्रश्न मला इतक्या वेळा आला आहे, आणि त्यातच सगळा घोळ आहे. थांबायला जागाच नसते. खाली तीन-चार हजार मीटर पाणी, कुठे पाचसुद्धा. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंच आहे. तसे दोन एकावर एक ठेवले तरी बहुतेक ठिकाणी बुडतील. तिथे नांगर कशाला टाकणार? बोट रात्रंदिवस चालते, आणि ती चालती आहे तोवर कुणीतरी जागं लागतं. समुद्रातल्या वाहतुकीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत ते स्पष्ट आहे: प्रत्येक नौकेवर सदासर्वकाळ नीट पहारा.

जहाजावर हा पहारा ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज चालवायच्या वरच्या खोलीतल्या, माणसांचा. मी केबिनमध्ये निवांत झोपत होते, कारण माझ्या झोपण्याने कुणाचं काही अडत नव्हतं. बोटीवर जादा माणूस नाही. कुटुंब हेच खलाशी. लेक आणि जावई रात्री तीन-तीन तासांचे वॉच करतात. काही जण चार तासांचे करतात, पण तिसऱ्या तासानंतर डोळे नुसते उघडे राहतात, बघत नाहीत. म्हणून तीनच बरे, हे माझं ठाम मत. लागोपाठ तीन तासांपेक्षा जास्त झोप रात्री कुणाला नाही. दिवसा आळीपाळीने पडायचं, तेव्हा मुलं आणि स्वयंपाक दुसऱ्याकडे.

पहारा म्हणजे नुसतं बसणं नव्हे. बोटीवर डोळे पाण्यापासून दोन-अडीच मीटरवर, त्यामुळे क्षितिज जेमतेम तीन मैलांवर येतं. वीस नॉटने येणारं उंच जहाज क्षितिजापलीकडून दिसू लागलं, तरी आपल्यापर्यंत पोचायला त्याला वीस मिनिटंही पुरतात. म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी चहूकडे नजर, मग एआयएस, म्हणजे आसपासची जहाजं दाखवणारं यंत्र, वाऱ्याची दिशा, शिडाचा ताण, बॅटरी, वहीत नोंद. मागून काळा ढग आला तर वाऱ्याचा झपाटा यायच्या आत शीड कमी करायचं. शिडाच्या बोटीला इंजिनवाल्याने वाट द्यावी असा नियम आहे, पण फायबरची बोट रडारवर नीट उमटेलच असं नाही. त्या भरवशावर राहू नये. आणि एकट्याने रात्री कॉकपिट, म्हणजे सुकाणूपाशी बसायची जागा, सोडून पुढे जायचं नाही. दुसऱ्याला उठवायचं, अंगावरचा सुरक्षा-पट्टा बोटीला अडकवायचा, मगच. पहाऱ्यावर मोबाइल बघणाऱ्याची मला चीड येते. त्या उजेडाने अंधारातली नजर जाते आणि परत यायला बराच वेळ लागतो. लाल दिवा वापरा.

मलाही पहाटेचा वॉच दिला होता, शेजारी हवाबंद डब्यात भडंग. थोरला नातू दिवसा माझ्याबरोबर बसायचा आणि दुपारी बारा वाजता अक्षांश-रेखांश वहीत लिहायचा. धाकटी सकाळी डेकवर पडलेले उडते मासे गोळा करायची. मुलांचा अभ्यास सकाळीच उरकायचा, कारण दुपारी आईबापांपैकी एक झोपलेला आणि आवाज करायचा नाही. जहाजावर माझी लेक लहान असताना मी तिला दिवसभर खेळवत असे. ते पाहुण्यांचं जगणं होतं.

स्वयंपाकही याच हिशोबात. बोट सारखी डावी-उजवीकडे झुलते, तेव्हा झाकण घट्ट लागणारा कुकर सगळ्यात भरवशाचा, ओव्हन नको. पालेभाजी आधी संपवायची. कोबी, कांदा, भोपळा टिकतात. पुढे मटकीला मोड आणायचे. भांडी खाऱ्या पाण्यात, शेवटचा हात तेवढा गोड्या पाण्याचा.

तेव्हा जहाजावरून निवृत्त झालेल्या कुणी बोट घेऊन "बायकोला फिरवून आणतो" म्हटलं, तर आधी मुंबई ते गोवा करा. सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास, पाच नॉटने दोन रात्री. वाटेत मच्छीमार बोटी आणि जाळी दाट, त्यामुळे पहारा कडक लागतो. त्यातला मध्यरात्रीचा एक वॉच बायकोने एकटीने करावा आणि तेवढा वेळ नवऱ्याने खरोखर झोपावं. दोघांनाही ते जमलं, तर लांबच्या वाटेचं बोला.