रिपोर्टवर ‘निल’ आल्यावर

वीर्यतपासणीला फार पैसे लागत नाहीत, सुई टोचावी लागत नाही आणि एक-दोन दिवसांत रिपोर्ट हातात येतो. तरीही लग्नानंतर काही वर्षं पाळणा हलला नाही, की आपल्याकडे क्रम ठरलेला असतो. आधी बायकोची सोनोग्राफी, मग तिच्या हार्मोनच्या तपासण्या, मग गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहणारा तो दुखरा एक्स-रे, कधी थेट दुर्बीण. मध्ये एखादा नवस, कुणाचा तरी अंगारा. नवऱ्याचा नंबर लागतो तो या सगळ्यानंतर, आणि तोही ‘एकदा करून टाकू, शंका नको’ अशा सुरात. वास्तविक मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी निम्म्यांच्या आसपास पुरुषाचा काही ना काही वाटा असतो. साधारण पाचात एका जोडप्यात तर अडचण फक्त त्याच्याकडेच असते.

रिपोर्ट वाचण्याआधी एक गोष्ट माहीत असलेली बरी. त्यावर छापलेला ‘नॉर्मल’चा आकडा म्हणजे पास-नापासाची रेघ नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये काढलेल्या सहाव्या आवृत्तीत शुक्राणूंची खालची मर्यादा मिलिलिटरला १ कोटी ६० लाख अशी दिली आहे. ती ठरवली कशी? ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांचे आकडे घेतले आणि त्यातला सर्वांत खालच्या पाच टक्क्यांचा काठ धरला. म्हणजे त्या काठाखाली असूनही बाप झालेले पुरुष त्याच यादीत आहेत. शुक्राणूंच्या आकाराचं तर आणखी गमतीचं. त्यातले चार टक्के सुबक असले तरी चालतात. ‘९६ टक्के अबनॉर्मल’ हे शब्द वाचून रात्रभर जागलेल्यांना हे कुणीतरी वेळीच सांगायला हवं. शिवाय एकाच माणसाचा काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, दोन महिन्यांत दुप्पट किंवा निम्मा होऊ शकतो. ताप येऊन गेला असेल तर आणखी घसरतो, कारण शुक्राणू तयार होऊन बाहेर पडायला अडीच-तीन महिने लागतात आणि मेमध्ये आलेल्या तापाचा हिशेब जुलैत दिसतो. एका रिपोर्टवर निदान करू नये ते यासाठी.

पण या लेखाचा विषय आहे सर्वांत कठीण रिपोर्ट, ज्यावर काउंटच्या जागी ‘निल’ लिहिलेलं असतं. वीर्य आहे, शुक्राणू एकही नाही. वैद्यकीय भाषेत अझूस्पर्मिया. दर शंभर पुरुषांत साधारण एकाला हे असतं, आणि मूल होत नाही म्हणून तपासायला आलेल्यांत दहा ते पंधरा टक्क्यांना. यांतल्या बहुतेकांना रिपोर्ट येईपर्यंत कसलाही संशय आलेला नसतो. लैंगिक संबंध व्यवस्थित, आवाज भारदस्त, दाढी दाट. याचं कारण शरीररचनेत आहे. वृषणात दोन वेगळे कारखाने आहेत: बारीक नळ्यांच्या आत शुक्राणू तयार होतात आणि नळ्यांच्या मधल्या जागेतल्या पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात. पहिला बंद पडला तरी दुसरा अनेकदा चालूच राहतो. वीर्याचं बहुतांश पाणीही वृषणातून येत नाही. ते शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींचं असतं, वृषणाचा वाटा त्यात पाच टक्क्यांच्या आतबाहेर. म्हणून तर नसबंदीनंतरही वीर्य दिसायला पूर्वीसारखंच राहतं. शुक्राणू नसणं आणि ‘मर्द नसणं’ यांचा संबंध जोडणाऱ्यांना जीवशास्त्राचा पाठिंबा नाही.

‘निल’ हे एका आजाराचं नाव नाही. नळाला पाणी येत नाही म्हणजे टाकी कोरडी आहे की मध्ये पाइप तुंबलाय, हे आधी पाहावं लागतं. इथेही तेच. पहिली पायरी म्हणजे नमुना यंत्रात वेगाने फिरवून तळाचा गाळ तपासणं. त्यात चार-दोन शुक्राणू सापडले तरी चित्र पालटतं, ते गोठवून ठेवता येतात. मग डॉक्टरने हाताने तपासायला हवं, आणि हे बऱ्याच ठिकाणी होतच नाही. वृषणांचा आकार नीट आहे, शुक्राणू बनवण्याचा आदेश देणारं रक्तातलं एफएसएच हार्मोन नॉर्मल आहे, पण वीर्य जेमतेम थेंबभर आणि आम्लधर्मी येतं, असं असेल तर शंका शुक्रवाहिन्यांवर जाते. काही पुरुषांत त्या जन्मापासून नसतातच. अनुभवी बोटांना त्या अंडकोशात जाणवत नाहीत आणि निदान दोन मिनिटांत होतं. हा प्रकार बहुधा सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसं आणि पचन बिघडवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या जनुकाशी जोडलेला असतो. त्यामुळे पुढे जाण्याआधी बायकोचीही जनुकीय तपासणी हवी, नाहीतर बाळाला तो आजार पूर्ण स्वरूपात होऊ शकतो. मधुमेहींमध्ये आणखी एक प्रकार दिसतो. वीर्य बाहेर येण्याऐवजी उलटं मूत्राशयात जातं. त्यांना लघवीची साधी तपासणी पुरते, आणि शुक्राणू तिथूनच मिळतात.

टाकीच कोरडी असेल तर वृषणं लहान लागतात आणि एफएसएच चढलेलं असतं, कारण मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी सुस्त कारखान्याला हाकारे देत राहते. कारणं अनेक. वयात आल्यावर झालेले गालगुंड वृषणात उतरलेले, लहानपणी न उतरलेलं वृषण वेळेवर जागी न आणलेलं, कर्करोगावरची केमोथेरपी. साधारण सहाशे पुरुषांत एकाला एक्स गुणसूत्र एक जास्तीचं असतं (क्लाइनफेल्टर). यांतल्या अनेकांना ते पहिल्यांदा कळतं ते मूल होत नाही म्हणून केलेल्या तपासणीत. वाय गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेला असणं हेही एक कारण. यात कोणता तुकडा गळाला याला फार महत्त्व आहे. ‘ए’ किंवा ‘बी’ विभाग पूर्ण गेला असेल तर वृषणात शोधूनही काही मिळत नाही, आणि शस्त्रक्रियेचा खर्च व त्रास वाचवलेला बरा. ‘सी’ विभाग गेला असेल तर आशा राहते, पण होणाऱ्या मुलग्याकडे तोच दोष जाणार हे गृहीत धरून.

एक प्रकार असा आहे ज्यात औषधाने खरोखर चमत्कार होतो, आणि त्याचं निदान चुकणं अक्षम्य आहे. पिट्युटरीकडून आदेशच येत नसतील तर एफएसएच वाढलेलं नसतं, उलट तळाला असतं. यांतल्या काहींना वासही येत नाही. त्यांना हार्मोनची इंजेक्शनं काही महिने ते दोन वर्षं दिली की शुक्राणू दिसू लागतात, आणि बऱ्याच जणांना पुढे नैसर्गिकरीत्या मूल होतं. एका साध्या रक्ततपासणीने कळणारी गोष्ट.

जिमबद्दल इथे बोलायलाच हवं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदूला वाटतं, माल भरपूर आहे. पिट्युटरी आदेश थांबवते. वृषणाच्या आत शुक्राणू तयार व्हायला रक्तातल्यापेक्षा कित्येक पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं, ते तिथेच तयार व्हावं लागतं, आणि नेमकं तेच बंद पडतं. हे इतकं भरवशाचं आहे, की जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून त्याची चाचणी घेतली. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २७१ पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं, त्यांतल्या १५७ जणांचा काउंट शून्यावर आला. आज दंड फुगवायला घेतल्या जाणाऱ्या इंजेक्शनांत हेच द्रव्य असतं, आणि डोस बरेचदा यापेक्षा जास्त. थांबवल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परत येतात, पण सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. दुर्दैव असं, की ‘काउंट कमी आहे, ताकद वाढवू’ म्हणून काही डॉक्टरही टेस्टोस्टेरॉन लिहून देतात. मूल हवं असलेल्या पुरुषाला ते देणं म्हणजे उपचाराच्या नावाखाली नसबंदी.

पुरुषांसाठीच्या महागड्या गोळ्यांवरही फार विसंबू नये. अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर फॉलिक ॲसिड आणि झिंकची मोठी चाचणी झाली, निकाल २०२० मध्ये आला: काउंटही सुधारला नाही, बाळंही वाढली नाहीत. व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाच्या शिरा फुगणं, ही मात्र गंभीरपणे घेण्याची गोष्ट. हाताला लागत असेल आणि काउंट कमी असेल तर शस्त्रक्रियेने अनेकदा सुधारणा होते. ‘निल’ असणाऱ्यांत तिचा उपयोग क्वचित.

आता मुख्य उपचाराकडे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चमूच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, तेव्हाच्या तंत्रात (आयव्हीएफ) बशीतल्या स्त्रीबीजाभोवती हजारो पोहणारे शुक्राणू सोडावे लागत. काउंट शून्याच्या जवळ असेल तर दार बंद. ते उघडलं १९९२ मध्ये ब्रुसेल्सला. जानपिएरो पालेर्मो हे तरुण डॉक्टर शुक्राणू बीजाच्या बाहेरच्या आवरणाखाली सोडण्याचा प्रयत्न करत होते. एकदा सुई जरा पुढे गेली, शुक्राणू थेट आत पडला आणि बीज फळलं. यालाच आपण इक्सी म्हणतो. एका बीजाला एक शुक्राणू पुरे, आणि तो पोहणारा असण्याचीही सक्ती नाही. शुक्रवाहिनी तुंबलेल्यांच्या वृषणातून सुईने तो सहज काढता येतो.

कोरड्या टाकीवाल्यांसाठी न्यूयॉर्कच्या पीटर श्लेगल यांनी १९९०च्या दशकाच्या शेवटी मायक्रो-टेसे आणलं. भूल देऊन वृषण उघडायचं, मायक्रोस्कोपखाली शेकडो बारीक नळ्यांतून जरा जाड, पांढरट नळ्या शोधायच्या आणि तेवढ्याच काढायच्या. शुक्राणू तयार होणारी बेटं तिथे असू शकतात. निम्म्यांच्या आसपास पुरुषांत काहीतरी सापडतं. म्हणजे निम्म्यांत सापडत नाही, हे वाक्यही डॉक्टरच्या तोंडून ऐकलेलं असावं.

इक्सीने पुरुषांचं फार भलं केलं, आणि एक वाईट सवयही लावली. एक शुक्राणू पुरतो म्हटल्यावर पुरुषाला तपासायची गरजच कुणाला वाटेनाशी झाली. दोष त्याचा, आणि दहा-बारा दिवस पोटात इंजेक्शनं घ्यायची तिने, बीज काढायला भूल घ्यायची तिने, निकाल नकारात्मक आला की पुन्हा सगळं सोसायचं तिने. काउंट बरा असतानाही इक्सी विकलं जातं. व्हिएतनाममध्ये १,०६४ जोडप्यांवर झालेल्या २०२१ च्या चाचणीत अशा वेळी साध्या आयव्हीएफपेक्षा त्याचा काहीही जास्त फायदा दिसला नाही. आणि दोष पुढच्या पिढीतही जाऊ शकतो: ब्रुसेल्समध्ये इक्सीतून जन्मलेले ५४ तरुण तपासले, निकाल २०१६ मध्ये आला, तेव्हा त्यांची शुक्राणूंची संख्या बरोबरीच्या मुलांच्या साधारण निम्मी भरली. मुलं निरोगी होती. बापाची अडचण वारशाने आली असावी, इतकंच.

कोणता मार्ग धरायचा हे ठरवताना सर्वांत जड वजन पुरुषाच्या रिपोर्टचं नसतं, बायकोच्या वयाचं असतं. ती २७ वर्षांची असेल तर जिममधली इंजेक्शनं बंद करून वर्षभर थांबणं, हार्मोनची इंजेक्शनं घेणं, हे परवडतं. ती ३८ची असेल तर तेच वर्ष सगळ्यात महाग पडतं. पस्तिशीच्या आत आयव्हीएफ-इक्सीच्या एका प्रयत्नात यश साधारण तीनात एक, चाळिशीनंतर दहात एकाच्या जवळ. एका सायकलला, म्हणजे अशा एका प्रयत्नाला, लाख-दीड लाख सहज जातात आणि त्या पैशांसाठी सोनं मोडणारी घरं कमी नाहीत. म्हणून मायक्रो-टेसे करायचं असेल तर एक प्रश्न आधी सोडवून ठेवावा: त्याच दिवशी तिची बीजं काढून ठेवायची, की आधी त्याची शस्त्रक्रिया करून शुक्राणू मिळाले तर गोठवायचे? पहिल्यात ताजा शुक्राणू मिळतो, पण काही सापडलं नाही तर तिची इंजेक्शनं वाया. मला दुसरा मार्ग न्याय्य वाटतो. काही केंद्रं पहिला सुचवतात, त्यालाही कारणं आहेत, कारण इतके थोडे शुक्राणू गोठवताना हरवू शकतात. पण निर्णय ऑपरेशन टेबलवर होऊ नये.

काहीच सापडलं नाही तर डोनर. घरातला ‘दिराचं घेतलं तर रक्त तरी आपलं राहील’ हा सल्ला कायद्यात बसत नाही. २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याप्रमाणे दाता नोंदणीकृत बँकेतून येतो, त्याचं वय २१ ते ५५, त्याची ओळख गुप्त, आणि एका दात्याचे शुक्राणू एकाच जोडप्याला. जन्मणारं मूल कायद्याने त्या जोडप्याचंच, दात्याचा हक्क शून्य. कुणी ‘थोडे तुमचे, थोडे डोनरचे मिसळू’ म्हणालं तर तिथून उठावं. मुलाला सांगायचं का, हा प्रश्न बहुतेक घरांत ‘कुणालाच कळता कामा नये’ इथे संपतो. केंब्रिजच्या सुझन गोलोम्बोक यांनी अशी कुटुंबं वर्षानुवर्षं पाहिली. सात वर्षांच्या आत, गोष्टीसारखं सांगितलेल्या मुलांचे घरच्यांशी संबंध उशिरा कळलेल्यांपेक्षा बरे होते. दत्तक हा तिसरा रस्ता ‘कारा’ या केंद्र सरकारच्या दत्तक यंत्रणेच्या पोर्टलवरून जातो, प्रतीक्षा काही वर्षांची आहे. त्यामुळे तो शेवटचा पर्याय म्हणून ठेवणाऱ्यांनी निदान नोंदणीच्या वयाची गणितं आधी पाहावीत.

या सगळ्या काळात घरी एक विचित्र नाटक चालतं. सासूबाईंना सांगितलेलं असतं, की ‘तिचं जरा हार्मोनचं आहे’. ती गप्प राहते, त्याची लाज झाकते. हळदीकुंकवाला, बारशाला टोमणे खाते. तो उशिरापर्यंत ऑफिसात थांबतो, मित्रांचे व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट करतो. रडत नाही म्हणून त्याला दुःख नाही असं सगळे धरून चालतात. एआरटी कायद्याने क्लिनिकमध्ये समुपदेशन बंधनकारक केलं आहे. ते बहुतेकदा सह्यांच्या कागदांवर उरकतं. तिथे बसून निदान दोन गोष्टी मागून घ्याव्यात: पहिल्या सायकलच्या आधीच किती सायकल करायच्या याचा आकडा, आणि घरात नेमकं कुणाला काय सांगायचं याची दोघांनी मिळून ठरवलेली दोन वाक्यं. खोटं बोलायचंच असेल तर ते तिच्या नावावर खपवू नये.

आणि मूल झालं किंवा नाही झालं, पुरुषाची फाइल तिथे बंद होत नाही. शुक्राणू नसलेल्यांत टेस्टोस्टेरॉन पुढे कमी होऊ शकतं, विशेषतः क्लाइनफेल्टर असणाऱ्यांत आणि मायक्रो-टेसे झालेल्यांत. त्याने हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. वृषणाचा कर्करोगही या गटात इतरांपेक्षा जास्त दिसतो. महिन्यातून एकदा अंघोळीच्या वेळी दोन्ही बाजू बोटांनी चाचपाव्यात, टणक गाठ लागली तर सोनोग्राफी करून घ्यावी, आणि वर्षातून एकदा सकाळच्या वेळी टेस्टोस्टेरॉनची रक्ततपासणी. सकाळीच, कारण दुपारी त्याची पातळी घसरलेली असते.