नवशिक्षक-मार्गदर्शन (बडोदे)

प्राथमिक शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत अनुभवी शिक्षकाकडून मिळणारी नियमित मदत म्हणजे नवशिक्षक-मार्गदर्शन. ही मदत त्याच्या स्वतःच्या वर्गात, त्याच्याच मुलांच्या संदर्भात दिली जाते. त्यामुळे नोकरीपूर्वीची पदविका आणि नोकरीतले प्रशिक्षणवर्ग यांच्याहून ती वेगळी ठरते. बडोद्यातील (वडोदरा) मराठी माध्यमाच्या शाळांत तिला आणखी एक बाजू आहे. इथला नवा शिक्षक मराठीत शिकवतो, पण परिपत्रके, बैठका, पत्रके आणि शाळेबाहेरचा सगळा व्यवहार गुजरातीत चालतो.

बडोद्यात प्राथमिक शिक्षकाची गरज सरकारी धोरणातूनच उभी राहिली. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातील दहा गावांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सबंध संस्थानाला लागू केला. मुले शाळेत आणायची तर शिकवणारे हात हवेत, म्हणून संस्थानाने पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठी वेगवेगळी ट्रेनिंग कॉलेजे चालवली. १९३५ मध्ये इथे माध्यमिक शिक्षकांसाठी महाविद्यालय निघाले. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाल्यावर, हंसा मेहता पहिल्या कुलगुरू असताना, या महाविद्यालयातूनच शिक्षण व मानसशास्त्र विद्याशाखा आकाराला आली. शिक्षक-शिक्षणावरचे संशोधन या विद्याशाखेत पुष्कळ झाले. प्राथमिक शिक्षकाची रोजची सोबत मात्र दुसऱ्या यंत्रणेकडे गेली. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या, तर नव्वदीच्या दशकात शाळांच्या गटांना शैक्षणिक मदत देणारी साधन केंद्रे उभी राहिली.

मराठी आणि गुजराती शिक्षकांनी एकमेकांकडून शिकण्याची परंपरा बडोद्यापुरती नाही. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य असलेल्या ताराबाई मोडक १९२० च्या दशकात भावनगरला गुजराती बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम करू लागल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे ताराबाईंच्या हाताखाली अनुताई वाघ घडल्या. वर्गात शेजारी उभे राहून शिकवणे शिकण्याची ही पद्धत आजच्या कोणत्याही योजनेपेक्षा जुनी आहे, आणि माझ्या मते तितकीच उपयोगी.

गुजरातमध्ये पहिली ते पाचवीचा शिक्षक होण्यासाठी बारावीनंतरची दोन वर्षांची पदविका (जुन्या नावाने पीटीसी) आणि शिक्षक पात्रता परीक्षा लागते. २०१४ च्या राष्ट्रीय निकषांनुसार पदविकेत २० आठवड्यांचा शाळानुभव असतो. निवड झाल्यावर उमेदवार ‘विद्यासहायक’ म्हणून लागतो आणि पाच वर्षे ठराविक पगारावर काम करतो. हा पगार ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० टक्क्यांनी वाढला. शहरातल्या पालिका शाळा नगर प्राथमिक शिक्षण समितीकडे आहेत. गुजराती, हिंदी, इंग्रजी आणि मराठी माध्यमांच्या शाळा ती चालवते. शाळांच्या प्रत्येक गटासाठी एक सीआरसी (समूह साधन केंद्र) समन्वयक नेमलेला असतो. कागदोपत्री नव्या शिक्षकाचा आधार तोच. प्रत्यक्षात माहिती गोळा करणे, मुलांचे गुण भरले गेले का ते पाहणे आणि प्रवेशोत्सवाची तयारी यांत त्याचा बराच वेळ जातो. खरा आधार बहुतेक वेळा शेजारच्या वर्गातल्या बाई किंवा सर असतात.

पहिल्या वर्षी अडते ते साध्या गोष्टींत. हजेरीपट, टाचण, मध्यान्ह भोजनाची नोंद, मतदारयादीचे काम, रडत येणारे मूल, मधल्या सुट्टीनंतर न बसणारा वर्ग, ‘अजून वाचता का येत नाही’ म्हणून दाराशी उभे राहिलेले पालक, हे सगळे एकाच आठवड्यात अंगावर येते. कागदांचे काम एकदा नीट दाखवले की सुटते, त्याला फार मार्गदर्शन लागत नाही. वर्गाचे तसे नसते. नव्या शिक्षकाने आधी अनुभवी शिक्षकाच्या वर्गात मागे बसावे आणि एकच गोष्ट पाहावी, उदाहरणार्थ चुकीचे उत्तर आल्यावर बाई काय करतात. मग बाईंनी त्याच्या वर्गात बसावे आणि शाळा सुटण्याआधी त्याच्याशी दहा मिनिटे बोलावे. बोलणे एका मुद्द्यापुरते असावे. सहा चुका एकदम सांगितल्या तर नवा माणूस त्यातली एकही सुधारू शकत नाही आणि दुसऱ्या दिवशी दार लोटून शिकवू लागतो. पुढचा पाठ दोघांनी मिळून आखला की सूचना कृतीत उतरते.

बडोद्यातील मराठी शाळेत यापलीकडचा सगळ्यात मोठा भाग भाषेचा असतो, आणि कोणत्याही पदविकेत तो शिकवला जात नाही. मूल घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि दूरदर्शनवर हिंदी ऐकते. खानदेशातून आलेल्या घरात अहिराणीही असते. दुकानाच्या पाटीवरच्या गुजराती अक्षरांना शिरोरेषा नसते, म्हणून मूल वहीत शिरोरेषा गाळते. नव्या शिक्षकाला तो आळस वाटतो, जुन्या शिक्षिकेला त्यामागचे कारण माहीत असते. संख्यावाचनात ८९ ला मराठीत ‘एकोणनव्वद’ म्हणतात, म्हणजे नव्वदाला एक कमी. गुजरातीत ‘नेव्यासी’ म्हणतात, म्हणजे ऐंशीवर नऊ. वडिलांच्या भाजीच्या गाडीवर हिशेब करणारे मूल वर्गात अडखळते तेव्हा त्याला गणित येत नसते असे नाही. हे ओळखायला शिकवणे हेच इथल्या मार्गदर्शनाचे मुख्य काम आहे. मराठी माध्यमाची क्रमिक पुस्तके गुजरातचे पाठ्यपुस्तक मंडळ काढते. मात्र मराठी माध्यमाच्या शाळा गुजरातीच्या मानाने थोड्या असल्याने शेजारच्या शाळेत मराठीचा अनुभवी शिक्षक सापडेलच असे नाही. म्हणून दांडिया बाजार, रावपुरा, वाडी अशा मराठी वस्तीतल्या निवृत्त शिक्षकांना या कामात आणणे फार मोलाचे ठरेल.

मार्गदर्शक आणि तपासनीस एकच असू नये, हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा नियम. ज्याचा शेरा नोकरी कायम होण्याच्या वेळी आपल्याविरुद्ध वापरला जाईल असे वाटते, त्याच्यापुढे कोणी ‘मला वर्ग आवरत नाही’ असे कबूल करणार नाही. पाच वर्षांच्या ठराविक पगाराच्या काळात ही भीती अधिकच खरी असते. म्हणून वर्गातले निरीक्षण दोघांतच राहावे आणि शाळेच्या दप्तरात जाऊ नये. मुख्याध्यापकाने द्यायचा तो वेळ: आठवड्यातून एक तासिका दोघांनाही मोकळी.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये दरवर्षी ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. ज्येष्ठ व निवृत्त अध्यापकांच्या (त्यांत भारतीय भाषांत शिकवू शकणारेही आले) मार्गदर्शन मिशनची कल्पनाही त्याच धोरणात मांडली आहे. शालेय पातळीवर २९ जुलै २०२२ रोजी ३० केंद्रीय शाळांत ते प्रायोगिक रूपात सुरू झाले. दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावरच्या चित्रफिती आणि ऑनलाइन अभ्यासक्रम या ५० तासांत धरले जातात. माहिती मिळवायला ते पुरेसे आहेत. वर्गात कोणी येऊन बसण्याची जागा ते घेऊ शकत नाहीत.

२०२३ च्या कायद्याने गुजरातमधील सर्व माध्यमांच्या शाळांत पहिली ते आठवी गुजराती विषय सक्तीचा झाला. मराठी शाळेत त्यामुळे एकाच वर्षात मुलांपुढे दोन लिप्या येतात. पहिलीच्या नव्या शिक्षकाने आणि गुजराती शिकवणाऱ्या सहकाऱ्याने अक्षरांचा क्रम एकत्र ठरवावा. ‘ग’, ‘न’, ‘म’ यांसारखी शिरोरेषा सोडली तर दोन्हीकडे जवळपास सारखी दिसणारी अक्षरे आधी घ्यावीत. ‘क’, ‘ख’, ‘ज’ यांसारखी वेगळ्या वळणाची अक्षरे एका लिपीत पक्की झाल्यावरच दुसरीत आणावीत.