स्लॅपस्टिक मूकपट आणि त्यांचे संग्राहक

पडणे, आपटणे, पाठलाग आणि झोंबाझोंबी यांवर हशा पिकवणारा विनोदी मूकपटांचा प्रकार. मॅक सेनेटच्या कीस्टोन स्टुडिओने (स्थापना १९१२) तो अमेरिकेत रुळवला. चार्ली चॅप्लिन १९१४ मध्ये तिथूनच पडद्यावर आला. बस्टर कीटन, हॅरॉल्ड लॉइड, लॉरेल-हार्डी हे पुढचे मानकरी. यांतले बहुतेक विनोदपट एका किंवा दोन रिळांचे, फार तर वीसेक मिनिटांत आटपणारे.

हा आटोपशीरपणा संग्राहकांच्या पथ्यावर पडला. पाथेने १९२२ मध्ये ९.५ मिमी रुंदीची आणि कोडॅकने १९२३ मध्ये १६ मिमी रुंदीची फिल्म घरगुती वापरासाठी आणली. ९.५ मिमीची छिद्रे कडेला नसून दोन चौकटींच्या मधोमध असत. या छिद्रांत अडकून फिल्म पुढे ओढणारा प्रोजेक्टरचा पंजा सरकला की ओरखडा थेट नटाच्या नाकावर! थिएटरमधल्या ३५ मिमी नायट्रेट प्रती पेटायच्या, नाहीतर कुजायच्या. बोलपट आल्यावर स्टुडिओंनाही त्यांचे काही वाटेनासे झाले. घरगुती प्रती मात्र सहज न पेटणाऱ्या ॲसिटेटवर असल्याने माळ्यावर टिकून राहिल्या. नंतर आयोवातल्या डेव्हनपोर्टच्या ब्लॅकहॉक फिल्म्सने ८ आणि १६ मिमी प्रती टपालाने विकल्या आणि हा छंद मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आला.

हे मूकपट का आवडतात, तर संवाद नसल्याने भाषा आड येत नाही, हे कारण नेहमी दिले जाते. पण संग्राहकाला खरी भुरळ पडते ती प्रत्यक्ष घडलेल्या करामतीची. १९२८ च्या ‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’मध्ये घराची आख्खी दर्शनी भिंत कीटनवर कोसळते आणि तो खिडकीच्या मोकळ्या चौकटीत उभा असल्याने बचावतो. भिंत खरी आणि खाली कीटन स्वतः. म्हणूनच तो प्रसंग पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो.

दुसरे आकर्षण शोधाचे. लॉरेल-हार्डीच्या ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’मधली (१९२७) क्रीम-पाय या केकसारख्या गोड पदार्थाची प्रचंड फेकाफेक अनेक दशके तुकड्यांतच उपलब्ध होती, दुसऱ्या रिळाची १६ मिमी प्रत २०१५ मध्ये एका खासगी संग्रहात सापडली. मिशिगनमधल्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत एका संग्राहकाने कीस्टोनचे एक रीळ घेतले. ते चालवून पाहिल्यावर त्यात पोलिसाच्या वेशातला चॅप्लिन निघाला. चित्रपट होता ‘अ थीफ कॅचर’ (१९१४), आणि त्यात चॅप्लिन आहे याचा अभ्यासकांना तोवर पत्ता नव्हता.