दुसरा सर्व्हर बसवलाय, आता काय बघायचं? मायएसक्यूएल रेप्लिकेशन घेतलेल्या आमच्या ग्राहकांसाठी

आधी तेच सांगतो जे इन्स्टॉलेशनच्या दिवशी पण सांगतो आणि तरी लोक विसरतात: रेप्लिकेशन (मेन सर्व्हरच्या मायएसक्यूएल डेटाबेसची दुसऱ्या सर्व्हरवर सतत होत राहणारी कॉपी) म्हणजे बॅकअप नाही. मेन सर्व्हरवर कोणी चुकून पार्ट्यांचं टेबल उडवलं तर ते दुसऱ्या सर्व्हरवरून पण उडणार, तेही बहुतेक वेळा क्षणात, कारण त्याला कामच ते दिलंय, इकडे जे होईल ते तिकडे करायचं. डिस्क गेली, पॉवर सप्लाय जळला, तर दुसरं मशीन वाचवतं. माणसाच्या चुकीसाठी रात्रीचा बॅकअप वेगळाच लागतो, आणि तो महिन्यातून एकदा रिस्टोअर करून बघायचा.

आत काय चालतं ते थोडक्यात. मेन सर्व्हर, म्हणजे सोर्स, प्रत्येक बदल बायनरी लॉगमध्ये लिहितो, तुमच्या रोजमेळासारखं, जसं झालं तसं क्रमाने. रेप्लिकावरचा, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवरचा, आयओ थ्रेड (थ्रेड म्हणजे आत सतत चालणारं एक काम) तो लॉग ओढून आपल्याकडच्या रिले लॉगमध्ये ठेवतो आणि एसक्यूएल थ्रेड ते वाचून आपल्याकडे तसेच बदल करतो. यातला कुठला बंद पडलाय एवढं कळलं की अर्धं निदान झालं. सोर्स मात्र रेप्लिकासाठी थांबत नाही, त्यामुळे मेन मशीन अचानक गेलं तर शेवटची एकदोन बिलं तिकडे पोचलेली नसू शकतात.

सेटअप आम्हीच करतो, पण तुमचा आयटीवाला नवीन मशीन लावणार असेल तर त्याला हे दाखवा. दोन्हीकडे सर्व्हर आयडी वेगळा पाहिजे (डीफॉल्ट दोन्हीकडे १ असतो, इथेच बरेच जण अडकतात). जीटीआयडी, म्हणजे प्रत्येक व्यवहाराला मिळणारा वेगळा नंबर, दोन्हीकडे चालू. रेप्लिकेशनसाठी वेगळा युजर, आणि ३३०६ पोर्ट फक्त रेप्लिकाच्या आयपीला उघडा, अख्ख्या इंटरनेटला नाही. पहिली कॉपी मायएसक्यूएलडंप या कमांडने सिंगल ट्रान्झॅक्शन पर्याय लावून काढली तर बिलिंग बंद करावं लागत नाही, पण हे फक्त इनोडीबी प्रकारच्या टेबलांसाठी खरं आहे, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मायआयसॅम या जुन्या प्रकारची टेबलं निघतात ती आम्ही आधी बदलून घेतो. मशीन क्लोन करून रेप्लिका बनवली असेल तर ऑटो डॉट सीएनएफ फाइल पण तशीच आलेली असते, दोघांचा यूयूआयडी (सर्व्हरचा स्वतःचा ओळख नंबर) एकच, आणि आयओ थ्रेड चालतच नाही. रेप्लिकावरची ती फाइल काढून सर्व्हर रीस्टार्ट केला की नवीन बनते.

आणि रेप्लिकावर सुपर रीड ओन्ली, म्हणजे तिथे कोणालाच थेट लिहिता येऊ नये अशी सेटिंग, चालू पाहिजे म्हणजे पाहिजेच. नुसतं रीड ओन्ली रूट युजरला (ज्याला सगळे हक्क असतात) अडवत नाही, आणि ऑफिसात सगळे रूटनेच लॉगिन करतात हे आम्हाला माहीत आहे!

आता बिघाड. रेप्लिकावर ‘शो रेप्लिका स्टेटस’ मारा. ८.०.२२ च्या आधीच्या व्हर्जनला ‘शो स्लेव्ह स्टेटस’ लागतं, आणि ८.४ मध्ये ती जुनी कमांड काढूनच टाकलीय. दोन्ही थ्रेडपुढे ‘येस’ दिसलं पाहिजे. आयओपुढे ‘कनेक्टिंग’ अडकलं असेल तर फायरवॉल, बदललेला आयपी किंवा पासवर्ड. सुरक्षित कनेक्शन पाहिजे अशी एरर असेल तर ८.० पासून पासवर्डची पद्धत बदललीय त्याचा हा परिणाम, एसएसएल (कनेक्शन एन्क्रिप्ट करणं) लावून घेणं बरं. एरर १२३६ आली तर बहुतेक वेळा रेप्लिका फार दिवस बंद होती आणि तिला हवे असलेले लॉग सोर्सने पुसून टाकलेत. ८.० पासून डीफॉल्ट ३० दिवस ठेवतो, पण डिस्क भरते म्हणून कोणीतरी ते कमी करून ठेवलेलं असतं. मग नवीन कॉपी काढण्याशिवाय इलाज नाही.

एसक्यूएल थ्रेड बंद आणि एरर १०६२ (तीच नोंद आधीच आहे) किंवा १०३२ (बदलायची नोंद सापडत नाही) असेल तर बहुतेक वेळा कोणीतरी थेट रेप्लिकावर लिहिलंय. नेटवर लगेच सल्ला मिळतो की एरर स्किप करा. स्किप केलं की चालू होतं खरं, पण दोन्हीकडचा डेटा आता वेगळा आहे, आणि ते तुम्हाला ऑडिटच्या वेळी कळणार.

मागे पडण्याचं वेगळं. त्याच स्टेटसमध्ये ‘सेकंड्स बिहाइंड सोर्स’पुढे (रेप्लिका किती सेकंद मागे आहे) नल, म्हणजे रिकामं, दिसलं तर शून्य समजू नका, रेप्लिकेशन थांबलंय. आणि शून्य असलं तरी नेट फार स्लो असेल तर तो आकडा फसवतो, कारण तो आलेल्या लॉगपुरतंच बोलतो. प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख) नसलेल्या टेबलातून लाखभर ओळी डिलीट केल्या तर रेप्लिका एकेका ओळीसाठी अख्खं टेबल चाळत बसू शकते, तासन्‌तास. की टाकून घ्या.

घाईत काय होतं त्याचं एक जाहीर उदाहरण आहे. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कोड ठेवायच्या सेवेचं रेप्लिकेशन मागे पडलेलं, त्यांचा डेटाबेस मायएसक्यूएल नाही, पोस्टग्रेस होता, दुसऱ्या सर्व्हरचा डेटा पुसून नव्याने कॉपी घ्यायची होती आणि इंजिनियरने ती कमांड मेन सर्व्हरवर मारली. नेहमीचे बॅकअप पण चालत नव्हते, सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. म्हणून आम्ही दोन्ही मशीनच्या टर्मिनलचा रंग वेगळा ठेवतो, तो प्लीज बदलू नका.

अडलं तर आधी स्टेटसच्या पूर्ण स्क्रीनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, अर्धवट नको, खालच्या एररच्या ओळी महत्त्वाच्या असतात. ‘रिसेट रेप्लिका’ तर मारूच नका, कुठपर्यंत वाचलं होतं ते पुसलं जातं. बिलिंग मेन सर्व्हरवर चालू राहू दे, त्याला काही होत नाही.