मोह होणे आणि पापात पडणे

मनात वाईट विचार डोकावला की अनेक विश्वासणारे खचतात. ‘आता कोणत्या तोंडाने प्रार्थनेला बसू?’ म्हणत देवापासून दूर राहतात, आणि प्रार्थनेची सर्वांत जास्त गरज नेमकी त्याच घडीला असते. मोह आणि पाप एकच मानल्यामुळे हे होते, आणि त्यात कितीतरी प्रामाणिक माणसे विनाकारण होरपळतात.

प्रभू येशूकडे पाहा. अरण्यात 40 दिवसांच्या उपासानंतर त्याला भूक लागली, तेव्हा धोंड्यांच्या भाकरी कर, असे सैतानाने सुचवले. भूक खरी होती, मोहही खरा होता. तरी इब्री 4:15 म्हणते, तो सर्व प्रकारे आपल्यासारखाच पारखला गेला, पण निष्पाप राहिला. मोह येणे हेच पाप असते, तर हे वचन लिहिताच आले नसते.

मग पाप सुरू कुठे होते? याकोबाच्या पत्रात (1:14-15) वासना आधी माणसाला ओढते, भुलवते आणि मग पापाला जन्म देते. संत ऑगस्टीनने तीन पायऱ्या सांगितल्या: सूचना, तिच्यात वाटणारी गोडी आणि संमती. पाप पूर्ण होते ते संमतीने. मधली पायरी मात्र फार निसरडी. आलेला विचार मुद्दाम घोळवत बसणे म्हणजे मनाने होकार देणेच. म्हणून मत्तय 5:28 मध्ये वासनेने पाहणाऱ्याला प्रभू सूट देत नाही. दावीद राजाला गच्चीवरून दुसऱ्याची बायको बथशेबा दिसली, एवढ्यावर तो थांबू शकला असता. त्याने तिची चौकशी केली, मग माणसे पाठवून तिला आणवले. याउलट, मालक पोटीफरच्या बायकोने मोहात पाडायला वस्त्र धरले तेव्हा योसेफ ते तिथेच टाकून पळाला.

उपायही निराळे आहेत. पाप घडले तर कबुली आणि क्षमा (1 योहान 1:9). मोह आला तर कबुली कशाची द्यायची? तिथे साहाय्य मागायचे, तेही धैर्याने, कृपेच्या राजासनाजवळ जाऊन (इब्री 4:16). नुसते ‘नको, नको’ म्हणत राहिल्याने आतली भूक भागत नाही. येशूने सैतानाला जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकातले वचन ऐकवले: मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही, देवाच्या मुखातून निघणाऱ्या प्रत्येक वचनाने जगतो. त्याचा नकार देवावरच्या भरवशातून आला होता.

आणि लूक 4:13 सांगते, सैतान त्याला काही काळापुरताच सोडून गेला. देवात तृप्त झालेल्या माणसालाही मोह पुन्हा गाठतोच. तेवढ्यावरून आधीची प्रार्थना फुकट गेली असे समजू नये.