लोनवर गेला की कायमचा? मार्कोविचचे दोन जानेवारी

सर्बियाचा फुटबॉलपटू, कडेने खेळणारा विंगर लाझार मार्कोविच जानेवारी 2017 मध्ये लिव्हरपूलकडून हल सिटीत आला आणि जानेवारी 2019 मध्ये फुलममध्ये. दोन्ही क्लब प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल फुटबॉल स्पर्धेच्या तळाशी धडपडणारे, दोन्हीकडे मुक्काम हंगाम संपेपर्यंतचा. त्यामुळे दोन्ही वेळा तो लोनवरच, म्हणजे उसनाच गेला असं सर्रास समजलं जातं. हलला तो लोनवर होता, फुलमला मात्र लिव्हरपूल सोडून कायमचा गेला.

फरक मैदानात दिसतो. 4 फेब्रुवारी 2017 रोजी हलने लिव्हरपूलला 2-0 हरवलं, पण मार्कोविचला त्या सामन्यात उतरता येत नव्हतं. लोनवरचा खेळाडू मूळ क्लबविरुद्ध खेळू शकत नाही, असा प्रीमियर लीगचा नियम आहे. 17 मार्च 2019 ला फुलम-लिव्हरपूल सामना झाला तेव्हा मात्र ही आडकाठी नव्हती, कारण लिव्हरपूलशी त्याचा संबंधच संपला होता.

लोन म्हणजे सरळ उसनवारी. मूळ क्लबचा करार रद्द होत नाही, लोनच्या काळापुरता थांबवून ठेवलेला असतो. पगार कोणी किती द्यायचा हे दोन क्लब आपसात ठरवतात. आणि करार थांबवला तरी त्याची मुदत काही पुढे सरकत नाही! 2014 मध्ये आलेला मार्कोविच लिव्हरपूलसाठी खेळला तो एकच हंगाम. नंतर फेनरबाह्चे, स्पोर्टिंग, हल, अँडरलेख्ट अशी चार लोन झाली, तोवर करार संपत आला. संपत आलेल्या कराराच्या खेळाडूला किंमत येत नाही, म्हणून फुलमला तो फुकटात मिळाला.

लोन फसलं की आणखी एक पेच असतो. फिफाच्या नियमानुसार एका हंगामात तीन क्लबांकडे नोंदणी चालते, पण अधिकृत सामने दोनच क्लबांकडून खेळता येतात. 2016-17 मध्ये स्पोर्टिंगचं लोन अर्ध्यावर मोडलं आणि तो हलला गेला. तिथेच त्याचे दोन क्लब भरले. लिव्हरपूलने परत बोलावलं असतं तरी मे महिन्यापर्यंत नुसतं सरावालाच. 2022 पासून फिफाने आंतरराष्ट्रीय लोन एका वर्षापुरतं मर्यादित केलंय आणि लोनवरच्या खेळाडूला तिथून पुढे तिसऱ्याकडे उसना देणंही बंद केलंय.

पैशाचा हिशेब तर अनेकांच्या लक्षातच येत नाही. परदेशी क्लबाशी सौदा झाला की रकमेतले 5 टक्के खेळाडूला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात: 15 पर्यंतच्या प्रत्येक वर्षाला रकमेच्या 0.25 टक्के, पुढच्या प्रत्येक वर्षाला 0.5 टक्के. 2 कोटी पौंडांच्या सौद्यात अठराव्या वर्षाचा वाटा 1 लाख पौंड. लोनसाठी फी घेतली असेल तर तिच्यातूनही हा वाटा निघतो. फुकटात गेला तर शून्य.

ओळखायचं कसं? कारकिर्दीच्या तक्त्यात लोनच्या क्लबापुढे बहुधा बाण असतो. हलपुढे तो दिसेल, फुलमपुढे नाही. आणि मुदत संपल्यावर खेळाडू कुठे जातो ते बघा. मे 2017 नंतर मार्कोविच लिव्हरपूलला परतला. 2019 च्या उन्हाळ्यात परतायला क्लबच नव्हता, आणि सप्टेंबरमध्ये त्याने थेट बेलग्रेड गाठून तिथल्या पार्टिझान क्लबशी करार केला.