इंग्रजीतून होकार देण्याआधी

आमच्याकडे इंग्रजी पत्रं, ई-मेल आणि अर्ज लिहून घेणाऱ्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक. नकार कळवताना सगळेच जपून लिहितात. होकार मात्र घाईत जातो, आणि क्रियापद चुकलं की नको ती जबाबदारी गळ्यात पडते. पोच देणं, कबूल करणं, मंजुरी देणं, पाठिंबा देणं यांत मराठीत आपली गल्लत होत नाही. इंग्रजीतही तेवढंच जपायला हवं.

पोच की स्वीकार?

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. समजा, तुम्ही सांगलीहून हळद पाठवता आणि दुबईच्या व्यापाऱ्याची ऑर्डर ई-मेलवर आली. "मिळाली, बघून कळवतो" एवढंच सांगायचं असतं, आणि उत्तर जातं, 'वुई ॲक्सेप्ट युवर ऑर्डर'. म्हणजे भाव, पॅकिंग, मुदत, सगळं त्याने लिहिलं तसं तुम्ही कबूल केलंत. भारतीय करार कायदा, 1872 नुसार प्रस्तावाला संमती कळवली की तो स्वीकारला गेला असं धरतात. "नुसता ई-मेल तर होता" ही सबबही पुरत नाही, कारण करार केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्यावरून त्याची अंमलबजावणी नाकारता येत नाही, असं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 10अ सांगतं. नुसती पोच द्यायची असेल तर शब्द आहे 'ॲक्नॉलेज': 'वुई ॲक्नॉलेज रिसीट ऑफ युवर ऑर्डर'. त्याखाली "दोन दिवसांत कळवतो" अशी ओळ घातली की झालं.

उलटही होतं. 'वुई ॲक्सेप्ट, बट डिलिव्हरी आफ्टर थर्टी डेज' असं लिहून काहीजण सौदा पक्का झाला असं समजतात. करार कायद्याचं कलम 7 म्हणतं की स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त हवा. मुदत बदललीत म्हणजे तुम्ही नवा प्रस्ताव मांडलात. आता होकार त्याच्याकडून यायला हवा, आणि तो येईपर्यंत माल भरायला घेऊ नये, असा आमचा आग्रह असतो.

विनिमयपत्रावर, म्हणजे ठरलेली रक्कम मुदतीला भरा असं सांगणाऱ्या 'बिल ऑफ एक्स्चेंज'वर, 'ॲक्सेप्टेड' लिहून सही केली तर मुदतीला रक्कम भरण्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. जुने व्यापारी याला हुंडी सकारणं म्हणत.

'ॲग्री'च्या पुढचा शब्द

आधी एक दुरुस्ती: 'आय ॲम ॲग्री' हे चूक, 'आय ॲग्री' बरोबर. खरी मेख मात्र पुढच्या छोट्या शब्दात असते. 'ॲग्री विथ' म्हणजे समोरच्याचं म्हणणं पटलं. 'ॲग्री टु' म्हणजे त्याची अट कबूल केली. "तुमची अडचण पटते, पण भाव कमी होणार नाही" असं सांगायचं असेल तर 'वुई ॲग्री विथ युवर कन्सर्न' चालेल, पण 'वुई ॲग्री टु युवर रिक्वेस्ट' लिहिलंत की सवलत दिल्यासारखंच झालं. दोघांचं मिळून एका गोष्टीवर ठरलं तर 'ॲग्री ऑन'. आणि 'वुई ॲक्सेप्ट टु सप्लाय' अशी रचना इंग्रजीत होत नाही, तिथे 'वुई ॲग्री टु सप्लाय'.

'कन्फर्म' आणि 'अप्रूव्ह'

रोजच्या पत्रात 'कन्फर्म' म्हणजे आधी ठरलेलं पक्कं करणं किंवा माहितीला दुजोरा देणं. लेटर ऑफ क्रेडिटमध्ये, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीपत्रात, मात्र तो फार वजनदार शब्द आहे. बँक पत्र नुसतं 'ॲडव्हाइज' करते तेव्हा ती ते तुमच्यापर्यंत पोहोचवते. 'कन्फर्म' करते तेव्हा अटींप्रमाणे कागदपत्रं दिल्यावर पैसे देण्याची हमी ती स्वतः घेते. परदेशी बँक ओळखीची नसेल तर निर्यातदाराने हा फरक विचारलाच पाहिजे.

'अप्रूव्ह' म्हणजे अधिकार असलेल्याने दिलेली मंजुरी. त्याला 'ऑफ' जोडलं की अर्थ होतो फक्त पसंती.

'सपोर्ट' मागताना

नातेवाइकांच्या पत्रात हा शब्द सढळ हाताने येतो. अमेरिकेतल्या भाच्याला आपण लिहितो, 'प्लीज सपोर्ट अवर ग्रीन कार्ड ॲप्लिकेशन'. आपल्या मनात असतं, जरा मदत कर, चार शब्द बोल. पण तिथे कुटुंबाच्या नात्यातून ग्रीन कार्ड मिळवताना आय-864 नावाचा 'ॲफिडेव्हिट ऑफ सपोर्ट' लागतो, आणि त्यावर सही करणारा सरकारशी कायदेशीर करार करतो. येणाऱ्या माणसाच्या निर्वाहाची ही जबाबदारी तो तिथला नागरिक होईपर्यंत किंवा त्याच्या नावावर कामाच्या 40 तिमाही जमा होईपर्यंत राहू शकते. भाच्याकडून सही हवी असेल तर तसं स्पष्ट लिहा, म्हणजे तो विचार करून उत्तर देईल. फक्त कागदपत्रं भरायला मदत हवी असेल तर 'हेल्प' पुरे.

सोसायटीच्या इंग्रजी इतिवृत्तात अनुमोदकासाठी 'सपोर्टेड बाय' लिहू नका. तिथे 'सेकंडेड बाय' हाच शब्द चालतो.

उत्तर लिहून घ्यायला याल तेव्हा समोरच्याचं मूळ पत्र किंवा ई-मेल पूर्ण आणा, खालच्या अटींसकट. कशाला होकार द्यायचा, कशाची नुसती पोच द्यायची आणि कुठे "विचार करून सांगतो" म्हणायचं, हे आपण एकेका मुद्द्यावर बोलून ठरवू आणि मगच मसुदा करू. रक्कम मोठी असेल तर तो मसुदा वकिलांना दाखवल्याशिवाय पाठवू नका.